मेळघाटात रेंज जाते, जीपीएस नाही

परतवाड्याहून धारणीला निघालं, की सेमाडोहच्या आसपास बऱ्याच ठिकाणी रेंज तुटते. मग फोन खिशात जातो. "नेटच नाही, तर जीपीएस कसं चालणार?" हे अमरावती-अकोल्यात सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. नव्याने बदलून आलेले शिक्षक, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक यांना तर या गैरसमजापायी विनाकारण रस्ता शोधत फिरावं लागतं.

जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचा संदेश सतत पाठवत असतात आणि फोन तो फक्त ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून तो आपली जागा काढतो. नेटचा उपयोग एवढाच, की कोणता उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती झटकन मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून उतरवून घ्यावी लागते, तीही सेकंदाला 50 बिट इतक्या संथ गतीने. म्हणून निळा ठिपका यायला मिनिटभर, सागाच्या दाट झाडीत किंवा दरीत त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेवढ्यात लोक वैतागून लोकेशन बंद करतात. ते परतवाड्यातच चालू करावं; घाटात अडलं, तर गाडी बाजूला घेऊन मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबावं.

नेटबरोबर जातो तो नकाशा. ठिपका दिसतो, पण त्याच्याखाली रस्तेच नसतात. "काल रात्री सगळा रस्ता पाहिला होता, तो फोनमध्ये असेलच," यावर विसंबू नये. पाहिलेला भाग फोन तात्पुरता ठेवतो आणि केव्हाही पुसतो. स्क्रीनशॉट हे नुसतं चित्र; त्यावर ठिपका सरकत नाही. गुगल मॅप्समध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर टिचकी मारून 'ऑफलाइन नकाशे' उघडावं आणि हवा तो चौकोन उतरवावा. ऑरगॅनिक मॅप्स या ॲपमध्ये राज्यवार नकाशे मिळतात. धारणीहून बऱ्हाणपूरकडे जायचं असेल, तर मध्य प्रदेशचा भागही घ्यावा, नाहीतर राज्याच्या सीमेवर रस्ता संपतो.

एकदा उतरवला की कायमचा झाला, असंही नाही. गुगलच्या नकाशाला मुदत असते. ती संपण्याआधी नेटवर येऊन तो नवा करून घ्यावा लागतो. शिवाय ऑफलाइन असताना वाहतुकीची ताजी खबर मिळत नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली, पुलावरून पाणी गेलं, तर ते फोनला कळणार नाही. चिखलदऱ्याला निघताना एसटीच्या चालकाला विचारणंच शहाणपणाचं.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे नकाशावर रेघ आहे, म्हणजे रस्ता खुला आहे. अकोटकडून नरनाळ्याच्या बाजूने वर पाहिलं तर जंगलात कितीतरी बारीक रेघा दिसतात. त्यातल्या काही वनखात्याच्या वाटा असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात सार्वजनिक रस्ता सोडून परवानगीशिवाय शिरता येत नाही. "मॅपने दाखवलं" हे तिथे कारण म्हणून चालत नाही आणि वाघाच्या मुलखात चालूही नये. जवळचा रस्ता दाखवला म्हणून डांबरी सोडून आत वळू नये.

नकाशा फोनमध्ये ठेवणं बेकायदा आहे का, असंही विचारतात. ॲपने दिलेल्या सोयीने उतरवला तर अजिबात नाही. मात्र ओपनस्ट्रीटमॅप या नकाशा-प्रकल्पाच्या सर्व्हरवरून एखाद्या सॉफ्टवेअरने नकाशाची चित्रं ढीगभर ओढून घ्यायला मनाई आहे. 2004 साली सुरू झालेला तो प्रकल्प स्वयंसेवक आणि देणग्यांवर चालतो. त्याची माहिती मोफत आहे, ऑरगॅनिक मॅप्स त्यावरच उभं आहे. कोरकू आदिवासींचा ढाणा (वस्ती) किंवा एखादा पाडा नकाशावर नसेल, तर तिथे राहणारा कोणीही खातं उघडून त्याची भर घालू शकतो. ती भर पुढच्या अद्ययावत नकाशाबरोबर इतरांच्या फोनमध्ये येते, आणि मग रुग्णवाहिकेच्या चालकाला तो पाडा रेंज नसतानाही सापडतो.