केबल काढून ओटीटी घेतलं तर अनसिंगसारख्या गावात खरंच पैसे वाचतात का?

महिना संपला की केबलवाल्या भाऊचा फोन येतो, ‘रिचार्ज संपला, टाकू का?’ घरातून उत्तर जातं, ‘टाका, पण भाऊ, काही कमी करा न.’ भाऊचं ठरलेलं वाक्य, ‘माझ्या हातात काय आहे? कंपनीनंच वाढवलं.’ आणि पुण्याला कामाला असलेला पोरगा व्हिडीओ कॉलवर सांगतो, ‘केबल काढून टाका, ओटीटी घ्या, स्वस्त पडतं.’

वाशिम-पुसद रस्त्यावरचं अनसिंग असो की विदर्भातलं तसंच दुसरं मोठं गाव, हा संवाद घरोघरी थोड्याफार फरकानं चालतो. गंमत म्हणजे भाऊ आणि पोरगा, दोघंही अर्धंच खरं बोलत असतात.

आधी भाऊचं बघू.

केबलचं बिल एक आकडा दिसत असलं तरी त्याचे भाग दोन. पहिला भाग नेटवर्क कॅपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ. हे तुमच्या घरापर्यंत सिग्नल आणून देण्याचे पैसे. दुसरा भाग पे चॅनलच्या किमतीचा. त्या किमती वाहिनीची कंपनी ठरवते. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. ही रचना ट्रायनं आणली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ती देशभर लागू झाली. तेव्हा एनसीएफ जास्तीत जास्त १३० रुपये होती, म्हणजे करासह १५३ रुपये ४० पैसे. त्यात १०० चॅनल मिळायचे, २०२० मध्ये ते २०० झाले.

आता या १३० रुपयांतले भाऊचे किती? गावातला केबलवाला हा शेवटच्या टोकाचा माणूस. सिग्नल वरच्या मोठ्या कंपनीकडून येतो, तिला एमएसओ म्हणतात. दोघांत वेगळा करार ठरला नाही तर नियमानुसार वाटणी ५५ आणि ४५ टक्के. ५५ कंपनीचे, ४५ भाऊचे. म्हणजे १३० मधले साडेअठ्ठावन्न रुपये. वायर तुटली की खांबावर चढणं, पावसात ॲम्प्लिफायर बदलणं, वसुलीसाठी चार चकरा मारणं, हे सगळं मुख्यतः त्यातूनच. पे चॅनलवर थोडं कमिशन सुटतं, पण बाकी पैसा वर जातो. त्यामुळे शंभर रुपये कमी करा म्हणून अडून बसलात तर तो ते देऊ शकत नाही. त्याच्याकडे तेवढे असतातच कुठे?

मग घासाघीस करायचीच नाही का? करायची, पण बरोबर जागी.

ट्रायनं जुलै २०२४ मध्ये नियम बदलले. एनसीएफवरची कमाल मर्यादा काढून टाकली. यामुळे दर वाढू शकतात, हे खरं. पण त्याच नियमात कंपन्यांना भागानुसार, ग्राहकांच्या गटानुसार आणि चॅनलच्या संख्येनुसार वेगवेगळी एनसीएफ ठेवायची मुभाही मिळाली. शिवाय केबल कंपन्यांना स्वतःच्या पॅकवर पूर्वी १५ टक्क्यांपर्यंतच सूट देता यायची, ती आता ४५ टक्क्यांपर्यंत देता येते. सहा महिने किंवा त्याहून जास्त मुदतीचे पैसे एकदम भरले तर सवलत देण्याची परवानगी २०२० पासूनच आहे. म्हणून भाऊला ‘कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या कंपनीचा सहा महिन्यांचा, वर्षाचा दर काय?’ असं विचारणं कामाचं. सोयाबीनचे पैसे हातात आले की वर्षाचं भरायचं, हे शेतकरी घराला दरमहा मागे लागून घेण्यापेक्षा सोयीचंही पडतं. भाऊच्याही अकरा चकरा वाचतात, त्यामुळे तो स्वतः कंपनीकडे शब्द टाकण्याची शक्यता वाढते.

दुसरी जागा म्हणजे पॅक. बहुतेक घरांत २०१९ मध्ये भाऊनं जो पॅक टाकून दिला, तोच आजही चालू असतो. त्यात कधीच न लावलेले सिनेमाचे, लहान मुलांचे, इंग्रजी बातम्यांचे चॅनल असतात. सेट-टॉप बॉक्सवर ९९९ नंबर लावला की चॅनलचे दर बघायला मिळतात. घरात खरंच लागणारे सात-आठ चॅनल कागदावर लिहा, सुटे घेतले तर किती आणि पॅकमध्ये किती ते मोजा. कधी सुटे स्वस्त पडतात, कधी पॅक. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचा कंटाळा येतो. कंपन्यांचं बरंचसं उत्पन्न या कंटाळ्यावरच उभं आहे.

तिसरी गोष्ट कुणी वापरतच नाही. घर महिना-दोन महिने बंद राहणार असेल, पोराकडे पुण्याला जायचं असेल, तर केबल तात्पुरती थांबवून घेता येते. त्याचं शुल्क कंपनी ठरवते, ते आधी विचारून घ्यावं. पण बघायला घरात कुणी नाही आणि बिल भरतोय, हे टाळता येतं.

आता पोराचं म्हणणं. ओटीटी स्वस्त, हे पुण्यात खरं असतं, कारण त्याच्या खोलीवर वायफाय आधीच असतं. त्याच्यासाठी ओटीटीचा खर्च म्हणजे फक्त ॲपचे पैसे. अनसिंगच्या घरात वायफाय नसेल तर तिथून गणित बदलतं.

नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार साध्या दर्जाच्या व्हिडीओला तासाला एक जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला तीन जीबीपर्यंत. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांना झाला. दीड जीबीत एचडीवर अर्धा तास निघतो. म्हणजे एक मालिका, जाहिराती धरून. घरातला टीव्ही मात्र संध्याकाळी सहाला लागतो आणि दहा-साडेदहापर्यंत चालू असतो. त्यात ज्या फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडायचा, त्याच फोनवर बारावीच्या पोरीचे क्लास असतात. आजीची मालिका आणि नातीचा अभ्यास एकाच दीड जीबीवर चालवायचा म्हटलं तर रोज रात्री भांडण ठरलेलं, आणि बहुतेक वेळा माघार घेते ती आजी. बिलात ही गोष्ट दिसत नाही.

दुसरी अडचण खास मराठी प्रेक्षकाची आहे. केबलच्या एका वायरीत सगळ्या मराठी वाहिन्या येतात. ओटीटीवर त्या विखुरल्या आहेत. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. घरात सासूला एक मालिका आणि सुनेला दुसरी लागत असेल तर किमान दोन ॲप आले. आणि जाहिरातीत दिसणारा स्वस्तातला ‘मोबाइल’ प्लॅन बहुधा टीव्हीवर चालतच नाही. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन फक्त फोन आणि टॅबलेटसाठी आहे. पैसे भरल्यावर हे कळलं की संताप होतो.

यावर उपाय फायबर. घरगुती फायबरचे तळाचे प्लॅन साधारण ३९९ ते ४९९ रुपयांपासून, वर जीएसटी. ३९९ चे करासह ४७१ रुपये होतात, वर्षाला साडेपाच हजारांहून थोडे जास्त. ॲपचे पैसे वेगळे. केबलला महिना तीनशे जात असतील तर वर्षाचे छत्तीसशे. म्हणजे निव्वळ टीव्हीसाठी फायबर घेणारं घर तोट्यात जातं. पण अभ्यास, ऑनलाइन अर्ज, दुकानाचं काम यासाठी फायबर घ्यायचंच असेल, तर केबलचे छत्तीसशे रुपये खरोखर वाचतात आणि त्यातून दोन ॲप भागू शकतात. पोराचा सल्ला अशाच घरांना लागू पडतो.

फायबर घेताना भाव करण्यापेक्षा वेग कमी घेण्यात जास्त पैसे वाचतात. एचडी व्हिडीओला ५ एमबीपीएस पुरतात. दोन टीव्ही आणि तीन फोनच्या घराला ३० एमबीपीएस बास. १०० एमबीपीएसचा प्लॅन गळ्यात मारून घेऊ नये. वर्षाचं एकदम भरत असाल तर जोडणीचे पैसे आणि राउटरचं डिपॉझिट माफ होतं का, हे विचारावं. बऱ्याच गावांत फायबर देणारा माणूस तोच केबलवाला भाऊ असतो, कारण बीएसएनएलसारख्या कंपन्याही घरापर्यंतची जोडणी स्थानिक भागीदारांमार्फत देतात. एकाच माणसाकडून दोन्ही घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं वजन वेगळं असतं.

गिऱ्हाईक टिकवण्याची गरजही त्याला आता जास्त आहे. देशात पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये सुमारे १५ कोटी होती, २०२४ मध्ये ती ११ कोटींच्या आसपास आली.

ही सगळी घरं ओटीटीवर गेली नाहीत. बरीच डीडी फ्री डिशवर गेली, आणि चर्चेत नेमका हाच पर्याय सुटतो. प्रसार भारतीची ही सेवा २००४ पासून आहे. छत्री आणि बॉक्सचा साधारण दोन हजारांचा एकदाच खर्च, नंतर महिन्याला शून्य रुपये. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, हिंदी सिनेमे आहेत, काही खासगी मराठी वाहिन्याही असतात. त्या जागांच्या लिलावानुसार येतात-जातात. नवी मालिका त्याच रात्री बघायची असेल तर फ्री डिश पुरत नाही. पण ज्या घरात टीव्ही म्हणजे बातम्या, कीर्तन आणि दुपारचा एखादा सिनेमा, त्या घरानं केबललाही पैसे द्यायची गरज नाही आणि ओटीटीलाही.

कुठलाही निर्णय घेण्याआधी एक महिना दोन्ही बाजूंनी चालवून बघता येतं. केबल तात्पुरती थांबवा, एकाच ॲपचा एका महिन्याचा प्लॅन घ्या आणि आजीच्या हातात रिमोट द्या. ॲप उघडणं, प्रोफाइल निवडणं, मालिका शोधणं तिला महिन्याभरात जमलं तर केबल कायमची बंद करायला हरकत नाही. तेव्हा सेट-टॉप बॉक्स विकत घेतला होता की भाड्यानं, हे जुन्या पावतीवर बघून घ्या. भाड्याचा असेल तर तो परत करून डिपॉझिट मागायचं असतं. भाऊकडून दाद मिळाली नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, मग नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तिथंही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.