कपाटातली सहा वर्षं

फेब्रुवारीत पोरगा भारतात परत गेला. इचलकरंजीचा, वय एकोणतीस. नोकरी सुटली की अमेरिकेत एच-वन व्हिसावाल्याला दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. त्यातले पन्नास त्याने मुलाखतींत घालवले. उरलेल्या दहांत गाडी विकली, गादी कुणाला तरी देऊन टाकली, कुकर माझ्या बायकोला आणून दिला. शेवटच्या शनिवारी मित्राच्या व्हॅनमधून आला आणि साडेपाच फुटी रॉकेट माझ्या गॅरेजच्या भिंतीला टेकवून उभं केलं. म्हणाला, "काका, हे काही बॅगेत बसत नाही."

रॉकेटला रंग दिलेला नव्हता. पण फिनांचे, म्हणजे खालच्या पंखांचे, सांधे इतके गुळगुळीत, की बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपतं आणि पुठ्ठ्याची नळी कुठे सुरू होते ते कळू नये. ते मी शिकवलेले. तेव्हापासून जुन्या गोष्टी डोक्यात घोळतायत आणि त्यातल्या बऱ्याचशा कडू आहेत.

या छंदाचा इतिहास सांगणारे १९५० च्या दशकापासून सुरुवात करतात. नेब्रास्कात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता, त्याने कागदी नळीचं, मोटर बदलता येणारं रॉकेट बनवलं. हॅरी स्टाइनने ते उचलून धरलं. कोलोरॅडोत व्हर्न एस्टसने मोटरी भरायचं यंत्र बांधलं आणि शाळकरी मुलांच्या दोन-तीन पिढ्या मैदानात जाऊन आकाशाकडे बघायला लागल्या. हे सगळं मला वाचून माहीत आहे आणि खरं सांगायचं तर त्याचा कंटाळा आहे. त्या वयात मी सांगलीत बाटलीत बाण लावत होतो. बाटली कलंडली की बाण समोरच्यांच्या गॅलरीत, आणि पाडव्याला आईबरोबर फराळाचं ताट घेऊन माफी मागायला जायचं. रॉकेटशास्त्राचं माझं प्राथमिक शिक्षण एवढंच.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मोठ्या ताकदीची रॉकेटं उडवणाऱ्यांनी १९८२ साली ओहायोत मेळावा भरवला आणि त्याचं नाव ठेवलं 'लार्ज अँड डेंजरस रॉकेट शिप्स'. आम्हाला धोकादायक समजू नका म्हणून पुढे सरकारशी नऊ वर्षं कोर्टात भांडलेली जमात ती हीच. यातली गंमत आमच्यापैकी कुणाला फारशी जाणवलेली मला दिसली नाही.

माझं दशक १९९९ ते २००९. वायटूकेच्या लाटेत सनीवेलला येऊन पडलो. एका बेडरूमचं अपार्टमेंट, लग्न व्हायचं होतं, शनिवार-रविवार खायला उठायचे. ऑफिसातल्या एकाने टेबलावर रॉकेटचा फोटो लावला होता. विचारलं, तर पुढच्या आठवड्यात एका किटचा कॅटलॉग हातात. चार इंच व्यासाची जाड पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे तीन फिन, प्लॅस्टिकचं नाक, ३८ मिलिमीटरची मोटर बसवायची आतली नळी, ती मधोमध धरून ठेवणाऱ्या लाकडी चकत्या, नायलॉनचं पॅराशूट. बस. खोका उघडला आणि वाटलं, फसवलं.

फसवलं नव्हतं, काम आपल्यावर सोडलं होतं. बाहेरच्या नळीला खाचा असतात. फिनाचा दांडा खाचेतून आत जाऊन मोटरच्या नळीला चिकटतो, म्हणजे एका फिनाला आत-बाहेर मिळून कितीतरी सांधे. प्रत्येक सांध्यात एपॉक्सीचा गोलसर भराव घालायचा, त्याला फिलेट म्हणतात. मी त्याला शिवण म्हणतो. एका वेळी एकच बाजू, कारण एपॉक्सी ओघळतं. नळी आडवी धरायची, आइस्क्रीमच्या काडीने भराव ओढायचा, मग स्पिरिटमध्ये बुडवलेलं बोट एकाच दमात खालपासून वरपर्यंत फिरवायचं. हात थांबला की लाट उठते आणि ती लाट घासायला पुढचा रविवार जातो. मग पुन्हा बारा तास वाट पाहायची. तीन फिन, सहा बाहेरच्या शिवणी. माझे तीन आठवडे त्यात गेले आणि बाथटबमध्ये सुकत ठेवलेल्या रॉकेटमुळे मी ऑफिसच्या जिममध्ये आंघोळीला जायचो.

एवढं का करायचं, तर मोटर. मोटरींची ताकद इंग्रजी अक्षरांनी मोजतात आणि दर अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट होते. 'जी' म्हणजे १६० न्यूटन-सेकंदांपर्यंत, तिथपर्यंत खेळ. 'एच'पासून परीक्षा. 'एच' किंवा 'आय' मोटरवर रॉकेट उडवून शाबूत परत आणून दाखवलं की लेव्हल वन. 'जे', 'के', 'एल'साठी लेव्हल टू, त्याला लेखी परीक्षाही. 'एम'पासून तिसरी. इंधन असतं अमोनियम परक्लोरेट आणि रबराचं, बहुतेकदा त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड. आपल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा ज्या कुळातल्या इंधनावर चालतो, त्याच कुळातलं.

लेव्हल वन मी २००० च्या उन्हाळ्यात नेवाडातल्या ब्लॅक रॉकच्या वाळवंटात केली. रीनो ओलांडायचं, मग गर्लाक हे शेवटचं गाव, मग रस्ता संपतो आणि आटलेल्या तळ्याची पांढरी, भेगाळलेली सपाटी सुरू होते. १९९७ साली याच सपाटीवर मोटारगाडीने आवाजाचा वेग ओलांडला. तिथली खारट धूळ डब्यातल्या पोळीत, दातांत, आठवडाभर बुटांत राहते. रॉकेट गेलं, पॅराशूट उघडलं, अर्धा मैल चालून मी ते उचलून आणलं. तपासायला एक म्हातारा होता, निवृत्त फिटर. त्याने उड्डाणाबद्दल चकार शब्द काढला नाही. चष्मा कपाळावर सरकवून शिवणींवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्या तू केल्यास?" माझ्या अख्ख्या कारकिर्दीत कुठल्याही मॅनेजरच्या शेऱ्याने मला इतकं बरं वाटलेलं नाही.

मग लगेच दुसरं किट घेतलं, 'जे' मोटरसाठी. लग्न झालं, डॉटकॉम बुडाली, नोकरी कशीबशी टिकली, ११ सप्टेंबर झालं. २००३ च्या वसंतात मी लेव्हल टूची लेखी परीक्षा पास झालो. रॉकेट तयार, लाल रंग, वर पांढरा पट्टा. उरली फक्त मोटर. आणि २४ मे २००३ रोजी स्फोटकांचा नवा कायदा पूर्णपणे अमलात आला.

आमचं इंधन सरकारच्या स्फोटकांच्या यादीत आधीपासूनच होतं. ६२.५ ग्रॅमपर्यंत इंधन असलेल्या मोटरला सूट, त्यापुढे परवाना, कुलूपबंद पत्र्याची पेटी, ती तपासायला येणारा अधिकारी. तरी फट होती, त्याच राज्यातल्या विक्रेत्याकडून घेतलं तर चालून जायचं. नव्या कायद्याने ती फट बुजवली, परवान्यासाठी बोटांचे ठसेही मागितले. शिवाय स्फोटक बाळगायला मनाई असलेल्यांची यादी वाढवली. सजा झालेले गुन्हेगार, फरारी, व्यसनी, वेडे ठरवलेले हे आधीपासून होते. आता त्यात लष्करातून बदनाम होऊन हाकलले गेलेले आले, नागरिकत्व सोडलेले आले आणि माझ्यासारखे तात्पुरत्या व्हिसावरचे परदेशी. मी फॉर्म भरून परवाना मागूच शकत नव्हतो. मोटर हातात धरली तरी गुन्हा.

मंडळाच्या गणपतीत हा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाले, "बरं झालं, नाहीतर तुझी वर्षभर दिवाळीच चालली असती." सगळे हसले. हे गृहस्थ स्वतः पार्किंगच्या दंडाविरुद्ध तीन सुनावण्या लढले होते. माझ्या रॉकेट क्लबातल्याही काहींनी धीर दिला तो असा, की ग्रीन कार्ड आलं की होईल सगळं. त्यांना वाटायचं ग्रीन कार्ड म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, रांगेत उभं राहिलं की संध्याकाळी मिळतं.

तर रॉकेट कपाटात गेलं. कोटांच्या मागे, भारतात न्यायच्या बॅगांच्या शेजारी. सहा वर्षं.

त्या सहा वर्षांत मी उड्डाणांना जात राहिलो, हे माझं मलाच कोडं आहे. उडवता येत नव्हतं म्हणून चिकटवत बसायचो. म्हाताऱ्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की फिन बसवायचे तर ह्याच्याकडे द्या. लोक किट घेऊन यायचे आणि मी लहानशा गॅलरीत एका ओळीत चार-चार नळ्या आडव्या ठेवून शिवणी ओढायचो. कुणाकुणाची 'के' मोटरवर गेलेली रॉकेटं माझ्या हातची आहेत. मोटर बसवायची वेळ आली की म्हातारा मला म्हणायचा, "जा, कॉफी घेऊन ये." तो चेष्टा करत नव्हता. कायदा पाळत होता, पण मला लांब उभं राहा असं सांगायची वेळ स्वतःवर येऊ देत नव्हता.

२००७ च्या जुलैसाठी व्हिसा खात्याने नोकरीतून ग्रीन कार्ड मागणाऱ्या सगळ्यांच्या तारखा खुल्या केल्या, आठवड्यांतच शब्द फिरवला. आम्ही मुन्नाभाईची गांधीगिरी नुकतीच पाहिलेली, त्यामुळे हजारो भारतीयांनी वॉशिंग्टनमधल्या इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला फुलं पाठवली. मीही पाठवली. त्याने ती जखमी सैनिकांच्या इस्पितळांकडे वळवली. महिना संपायच्या आत निर्णय पुन्हा फिरला आणि ऑगस्टमध्ये माझा अर्ज दाखल झाला. दाखल झाला म्हणजे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला.

दरम्यान या छंदातल्या दोन संघटनांनी २००० साली सरकारवर घातलेला दावा चालू होता. भांडण मोठं मजेदार होतं. हे इंधन जळतं की स्फोटकासारखं उडतं? सरकार म्हणे, फार वेगाने जळतं म्हणून स्फोटक. आमचे म्हणत, ते सेकंदाला मिलिमीटरांच्या हिशेबात जळतं, मोजा. २००६ मध्ये अपिलाच्या कोर्टाने सरकारला विचारलं, की किती वेगाला तुम्ही स्फोटक म्हणता तो आकडा तरी सांगा. आकडा नव्हता. १६ मार्च २००९ रोजी न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी इंधनाचं नाव यादीतून काढायला लावलं.

माझं ग्रीन कार्ड आलं २०१२ मध्ये. म्हणजे माझ्याआधी इंधन सुटलं.

२००९ च्याच उन्हाळ्यात कपाटातून रॉकेट काढलं. पॅराशूटला बांधलेलं रबर वाळून तुटलं होतं, ते बदललं. दोरीने टांगून तोल पाहिला. गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा निदान एक व्यास पुढे असावा लागतो. होता. मोटर 'जे-३५०'. म्हाताऱ्याने विकत घेतली नाही, मला घ्यायला लावली, पावती माझ्या नावाची. मधे भोक असलेल्या काळ्या रबरी वड्या नळीत एकामागे एक सरकवल्या, रिंगांना ग्रीस चोपडलं, झाकण आवळलं. हात थरथरत होते. उड्डाण साधारण दोन सेकंदांचा जाळ आणि मग शांतता. साडेतीन हजार फुटांच्या आसपास गेलं असेल. पॅराशूट उघडलं. सहा वर्षांपूर्वीच्या शिवणींना तडा नव्हता.

त्यानंतरची वर्षं दोन ओळींची. म्हातारा गेला. लेव्हल थ्री मी केली नाही, करावीशी वाटली नाही.

आता मैदानावर गेलं की प्रत्येक जण फोनमध्ये बघतो. रॉकेटमधला जीपीएस सांगतो ते कुठे आहे, म्हणून वर कोण बघणार? फिन थ्री-डी प्रिंटरवर रात्रीत छापून निघतात. तुटले तर दुसरे छापा. इचलकरंजीचा पोरगाही पहिल्यांदा आला तो प्रिंट केलेला फिनांचा डबा घेऊनच. आमचं भांडण झालं. मी म्हटलं, अरे, हे चिकटवलेलं नाही, ओतलेलं आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही वेळ वाया घालवता." दुसऱ्या उड्डाणात त्याचा डबा उन्हात मऊ पडून वाकला आणि तिसऱ्या आठवड्यात तो किट आणि एपॉक्सी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. पुढची दोन वर्षं दर रविवारी आला. बारा तास थांबायला शिकला. त्याला मोटरचा परवाना लागत नव्हता. त्या त्या लेव्हलची परीक्षा दिली की व्हिसावर असूनही तो हव्या त्या अक्षराची मोटर घेऊ शकत होता, त्यासाठी आम्ही नऊ वर्षं कोर्टात पैसे ओतले होते. अडला तो दुसऱ्याच कागदावर. सप्टेंबर २०२५ मध्ये नियम आला, की बाहेरून नवा एच-वन माणूस आणायचा तर एका अर्जामागे कंपनीने १,००,००० डॉलर मोजायचे. तो परत येईल असं मला वाटत नाही.

तिकडे भारतात विद्यार्थ्यांच्या रॉकेट-स्पर्धा होऊ लागल्या आहेत म्हणे, चांगलं आहे. पण दुकानात जाऊन 'जे' मोटर आणावी असं दुकान नाही, आणि स्फोटकांचं खातं नागपुरात बसतं. त्या खात्याला फुलं पाठवून उपयोग होईल का, असं पोराने विचारलं तेव्हा मी हसलो, पण लगेच थांबलो.

त्याचं रॉकेट माझ्या गॅरेजात आहे. ५४ मिलिमीटरची मोटर बसेल. पॅराशूट तेवढं तो घेऊन गेला, घडी करून बॅगेच्या कोपऱ्यात बसलं, आईला दाखवायचं होतं. जूनमध्ये ब्लॅक रॉकला जायचा विचार आहे. कुणाकडे ४८ इंची पॅराशूट पडून असेल तर कळवावं.