चारित्र्य पडताळणीत नोकरी अडकली, तर पुढे काय?

परीक्षा पास झाली, मुलाखत झाली, मेडिकल झालं. घरात पेढेही वाटून झाले. आणि मग एक दिवस लिफाफा येतो, "चारित्र्य पडताळणीचा अहवाल प्रतिकूल असल्याने आपली निवड रद्द करण्यात येत आहे." किंवा चालू नोकरीतला गेटपास काढून घेतला जातो. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे जुने विद्यार्थी फॉर्म भरायला आमच्याकडे येतात, आणि कधी कधी असा लिफाफा घेऊनही येतात. त्या दिवशी अम्मी रडत असते, अब्बा गप्प असतात आणि मोहल्ल्यात कुजबूज सुरू होते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

आपल्या रायगडमध्ये याची गरज वाढतेच आहे. थळचा खत कारखाना, उरणजवळचं बंदर आणि आता नवी मुंबईचं विमानतळ, सगळं आपल्याच जिल्ह्यात. अशा ठिकाणच्या नोकरीआधी पोलिसांकडून माहिती मागवली जाते.

सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना, म्हणजे ॲटेस्टेशन फॉर्म, भरावा लागतो. कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड किंवा शिक्षा झाली का, आज एखादी केस चालू आहे का, असे प्रश्न त्यात असतात. इथेच आपली मुलं चुकतात. कुणीतरी मोठा माणूस सांगतो, "अरे, केस सुटली ना? मग नाही लिही." हा सल्ला घातक आहे. केस सुटली तरी झालेली अटक पुसली जात नाही. आणि खोटी माहिती दिली, एवढं एकच कारण नोकरी जायला पुरतं.

2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दलचे नियम एकत्र मांडले. फॉर्ममध्ये दिलेली माहिती खरी हवी. प्रकरण किरकोळ असेल तर लपवल्याची चूकही अधिकारी माफ करू शकतात. जे स्पष्टपणे विचारलंच नाही, ते लपवलं असा ठपका ठेवता येत नाही. पण हेही लक्षात ठेवा की सगळं खरं लिहिलं तरी नोकरी द्यायलाच हवी, असं बंधन सरकारवर नाही. त्यांनी डोळसपणे विचार करावा, एवढा आपला हक्क आहे.

महाराष्ट्रातलंच उदाहरण पाहा, मोहम्मद इम्रान विरुद्ध महाराष्ट्र शासन. हा उमेदवार 2009 मध्ये दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी निवडला गेला. तरुणपणी त्याच्यावर एक केस झाली होती आणि 2004 मध्ये त्याची निर्दोष मुक्तता झाली होती. तरीही जून 2010 मध्ये निवड रद्द झाली. उच्च न्यायालयात तो हरला, पण थांबला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याच्या चारित्र्याचा ताजा अहवाल मागवला. त्या एका जुन्या केसशिवाय त्याच्याविरुद्ध काहीच निघालं नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायालयाने रद्द करण्याचा आदेश बाजूला सारला आणि नव्याने विचार करायला सांगितलं. जुनी गोष्ट माणसाच्या गळ्यात कायमची बांधून ठेवणं दर वेळी न्याय्य नसतं, असा त्या निकालाचा सूर आहे.

म्हणजे केसनंतरची वर्षं तुम्ही कशी जगलात, हाच शेवटी तुमचा मोठा पुरावा ठरतो.

विमानतळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. मे 2025 मध्ये केंद्राने सेलेबी या विमानतळावर काम करणाऱ्या कंपनीचा सुरक्षा परवाना राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन काढून घेतला. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो निर्णय कायम ठेवला. जिथे राष्ट्रीय सुरक्षा हे कारण असतं, तिथे न्यायालयं सहसा हात आखडता घेतात. तेव्हा खोटी आशा लावून बसू नका.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे कारण लेखी मागा. निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत घरात जपून ठेवा. खात्याकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, राज्याच्या नोकरीसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. तिथे साधारण अंतिम आदेशापासून एका वर्षात जावं लागतं, म्हणून "बघू नंतर" म्हणू नका. वकील परवडत नसेल तर अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत मदत मिळते.

दुसरं, आणि आमच्या मते तितकंच मोठं काम म्हणजे निकालाची वाट पाहत घरी बसू नका. इम्रान प्रकरणात 8 वर्षं गेली. एवढ्या वर्षांत माणूस एखादा हुन्नर शिकतो, पदवी घेतो, धंदा उभा करतो.

इथे आमच्या किहीमची एक गोष्ट सांगावीशी वाटते. पक्षितज्ज्ञ सालिम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरीला होते. रजा घेऊन ते जर्मनीला शिकायला गेले. 1930 मध्ये परतले तर पैशाअभावी त्यांचं पदच बंद झालेलं. त्यांचं कारण वेगळं होतं, चारित्र्याचा प्रश्न नव्हता. पण नोकरी गेलेल्या माणसाची अवस्था तीच. विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून दुसरी सरकारी नोकरीही मिळेना. ते किहीमला येऊन राहिले. पावसाळ्यात इथे सुगरणींची घरटी लटकत होती. ते रोज बसून पाहत राहिले आणि टिपून ठेवत राहिले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच ते पुरं होतं, आणि मग नर दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी इथे नोंदवलं. तो अभ्यास 1931 मध्ये छापून आला आणि त्यांचं नाव झालं. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं.

प्रत्येकाला पद्मविभूषण मिळणार नाही, हे उघड आहे. पण घरातल्या मोठ्यांना आमची एकच विनंती. लिफाफा आला त्या रात्री मुलाला किंवा मुलीला "तू काय केलंस?" असं विचारू नका. शेजारी बसा, कागद एकत्र वाचा, तारीख लिहून ठेवा. आणि सकाळी विचारा, "आता पुढे काय शिकायचं?"