अधिवेशनात ग्रंथपाल कोठे बसतो?

रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना 1828 सालची. महाराष्ट्रातील आद्य ग्रंथालयांत त्याची गणना होते. दळणवळण गलबतांवर अवलंबून असण्याच्या त्या काळात या बंदराच्या गावी ग्रंथसंग्रह उभा राहिला, याचा अभिमान जिल्ह्याला वाटणे स्वाभाविकच आहे. ग्रंथालयांच्या वार्षिक अधिवेशनांतून अशा परंपरेचा गौरव व्हावाही. प्रश्न आहे तो, त्या मंडपात ग्रंथपाल कोठे बसतो, हा.

वैद्यांच्या परिषदेला वैद्य जातात. ग्रंथालयांच्या अधिवेशनाला मात्र अध्यक्ष, कार्यवाह, विश्वस्त, शासकीय अधिकारी आणि जागा उरली तर ग्रंथपाल! याचे कारण इतिहासात आहे. आपली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकारने काढलेली नाहीत. गावोगावच्या वकील-शिक्षकांनी वर्गणीतून ती उभी केली. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ती चालकांच्याच हाती ठेवून अनुदानाचा आधार दिला. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय-उपकराची तरतूद होती. आपल्या कायद्यात ती आली नाही. हक्काचे उत्पन्न नाही, सारी भिस्त अनुदानावर. मग अधिवेशनात अनुदानवाढीचा ठराव अग्रभागी राहिला तर नवल ते काय?

ही मागणी गैर आहे असे कोण म्हणेल? 2022 साली शासनाने अनुदानात 60 टक्के वाढ केली, तेव्हा ‘ड’ वर्गातील खेड्यातल्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30 हजारांचे 48 हजार झाले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची. म्हणजे वाढीनंतरही ग्रंथपालाच्या पदरी महिन्याला 2 हजार रुपये! मंडणगड तालुक्यातील एखाद्या खेड्यातून अशा माणसाने पदरमोड करून एस.टी.ने नागपूर किंवा लातूर गाठावे, प्रतिनिधी शुल्क भरावे, ही अपेक्षा क्रूरच म्हणावी लागेल. त्यातून तो एकटा कर्मचारी. तो गेला की वाचनालयाला कुलूप.

तरीही त्याने गेले पाहिजे. व्यासपीठावरील सत्कार, शाली आणि लांबलेली भाषणे यांसाठी नव्हे. त्याचे अधिवेशन भरते ते जेवणाच्या पंगतीत आणि रात्री मुक्कामाच्या सतरंजीवर. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पुस्तकांना बुरशी धरते, ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात वाळवी शिरते. त्यावर चिपळूणचा माणूस काय करतो, हे त्याला तेथेच कळते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळी दिवा किती वाजेपर्यंत ठेवावा, त्या विजेचे बिल कोणत्या खाती टाकावे, दासबोध मागणाऱ्या आजोबांना आणि संगणकाचे पुस्तक मागणाऱ्या नातवाला एकाच तुटपुंज्या रकमेत कसे राखावे, यांची उत्तरे पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत. वर्षभर एकट्याने खिडकीत बसणाऱ्याला आपल्यासारखे शेकडो आहेत, हे दिसणेही थोडे नाही.

तेव्हा त्याचा प्रवासखर्च त्याच्या ग्रंथालयाने द्यावा. आणि संयोजकांनी निदान एक सकाळ, ती पहिल्या दिवसाची, केवळ काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी राखून ठेवावी. अध्यक्षस्थानीही त्यांच्यातलाच एक असावा. पदाधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकावे. शेवटच्या दिवशी, परतीच्या गाडीची वेळ झाल्यावर, उरकलेले परिसंवाद पुष्कळ झाले.

सभासदांनीही थोडे सोसावे. दारावर ‘ग्रंथपाल अधिवेशनास गेले आहेत’ अशी पाटी दिसली तर कुरकुर करू नये. घरी तीन महिने पडून राहिलेले वाचनालयाचे पुस्तक शोधून काढायला ते दोन दिवस उपयोगी पडतील.