हवेच्या होडीचा भरवसा

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होडी पाण्यात लोटायची, ही किनाऱ्यावरची रीत केवळ भाविकतेची नाही. पाऊस ओसरून दर्या निवल्यावाचून त्याच्या वाटेस जाऊ नये, हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा निर्वाळा तीत आहे. त्या अनुभवाशी काडीचाही संबंध नसलेली एक नवी होडी आता आमच्या किनाऱ्यावर दिसू लागली आहे. पिशवीत गुंडाळून स्कूटरवरून आणायची, पायपंपाने फुगवायची आणि गळ घेऊन निघायचे! काही हजार रुपयांत ती घरपोच मिळते. जेटीवर किंवा खडकावर बसून गरवण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांना तिचा मोह पडावा यात नवल नाही.

हवेने फुगवलेली होडी मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. फ्रेंच डॉक्टर अलाँ बोंबार यांनी १९५२ साली अशाच एका होडीतून कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत एकट्याने अटलांटिक पार केला. ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेने १९६३ पासून किनाऱ्यालगतच्या बचावकार्यासाठी फुगीर नौका वापरात आणल्या. परंतु त्या नौका जाड, बळकट कापडाच्या व अनेक स्वतंत्र कप्प्यांच्या असतात आणि त्या चालवणारे शिकवून तयार केलेले असतात. बोंबार यांच्या होडीला शीड होते आणि वारा त्यांना पैलतीराकडेच नेत होता. तलावात मुलांनी खेळावे म्हणून बनवलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या होडीने या उदाहरणांचा आधार घेणे म्हणजे केवळ नामसादृश्यावर जीव टांगणे होय.

लोकांना भय वाटते ते होडी फुटण्याचे. ते खोटे नाही. गळाचे टोक, सुरी, शिंगाळ्याचा काटा, खडकावरची कालवे, यांपैकी काहीही पातळ कातडीस पुरेसे आहे. कडक उन्हात आतली हवा प्रसरण पावून सांध्यांवर ताण येतो, आणि वर्षभराच्या उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते ते वेगळेच. सगळी हवा एकाच कप्प्यात असेल, तर एका भोकाने सारा खेळ आटोपतो.

तथापि, आमच्या मते याहून मोठा धोका वाऱ्याचा आहे. पारंपरिक होडी जड असते, तिचा तळ पाण्यात रुतलेला असतो, उलांडी तिला तोलून धरते. फुगवलेली होडी पाण्यावर पानासारखी तरंगते आणि तिचे फुगीर अंग वाऱ्याला शिडासारखे सापडते. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तेव्हा किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे दिसते आणि नवख्याला तीच वेळ सर्वांत निर्धोक वाटते. वस्तुतः तोच वारा त्याला हळूहळू आत ओढत असतो. ताशी दोन किलोमीटर इतक्या मंद गतीने होडी वाहवली, तरी गळाकडे डोळे लावून बसलेला माणूस दीड तासात तीन किलोमीटर आत गेलेला असतो. मग प्लॅस्टिकची तोकडी वल्ही घेऊन वाऱ्याविरुद्ध परतणे धडधाकट तरुणालाही जड जाते. मांडवी, झुवारी वा शापोरा यांच्या मुखाशी त्यात ओहोटीची ओढ मिळाली, तर विचारायलाच नको.

यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. मासळी महागते आणि ‘जवळच तर जायचे आहे’ ही बुद्धी सुचते ती नेमकी याच दिवसांत. खवळलेल्या दर्यावर अशी होडी घालणे हे साहस नव्हे, आत्मघात आहे.

मग सरकारने काय करावे? रापणकारांच्या आंदोलनानंतर १९८० साली या प्रदेशात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्या वेळी समोर ट्रॉलर होते. पिशवीतून येणारी होडी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. आता मत्स्योद्योग खाते आणि बंदर कप्तान खाते यांनी एकत्र बसून हिच्याविषयीचे नियम लोकांना कळतील अशा भाषेत जाहीर करावेत. फुगवलेल्या नौकांसाठी आयएसओ ६१८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात न बसणारी वस्तू खेळणे म्हणूनच विकली जावी, आणि कप्पे किती, भार किती, समुद्रास योग्य की अयोग्य, हे वेष्टनावर मराठीत व कोंकणीत ठसठशीत छापलेले असावे. सरसकट बंदी आम्हाला मान्य नाही. हौशी माणसाचा छंद आणि गरिबाची चार मासळ्यांची आशा मोडणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे.

परंतु सरकारकडे बोट दाखवून ग्राहकाची जबाबदारी संपत नाही. होडीत पैसे वाचले म्हणून आनंद मानणाऱ्याने आधी जीवरक्षक जाकीट घ्यावे, आणि ते बुडाखाली न ठेवता अंगात घालावे. सोबत पुरेशा दोराचा नांगर, शिट्टी आणि पाणी शिरणार नाही अशा पिशवीत भ्रमणध्वनी असावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असावा. कुठे जातो व कधी परतणार हे घरी सांगितलेले असावे. पूर्वेचा वारा जाणवत असेल तर होडी फुगवूच नये.

आणि शेवटी एक साधी गोष्ट. निघण्यापूर्वी वाड्यावरच्या जाणत्या खारव्याला वा गाबिताला विचारावे. वारा कधी फिरेल, ओहोटी कुठे ओढते, हे तो आकाशाकडे पाहून सांगतो आणि त्याचे मोल घेत नाही. तो ‘आज नको’ म्हणाला, तर पिशवीची गाठ न सोडता घरी परतावे. एका दिवसाची मासळी गेली तर बाजारातून आणता येते.