साल्हेरची वाट मोबाइलला कोण सांगणार?

साल्हेरचा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या खानदेशी पोरांना गडाचे वेध लागले. १६६४ आणि १६७० मध्ये मराठे सुरतेवर चालून आले होते. आता सुरतेहून डांगमधल्या आहव्यामार्गे गाड्या उलट दिशेने निघतील.

डांगच्या घाटात रेंज गेली की जीपीएसही गेलं, असा सार्वत्रिक समज आहे. तो खोटा आहे. फोन उपग्रहांचे संकेत थेट पकडतो. चार उपग्रह सापडले की ठिकाण कळतं. नेटअभावी अडतो तो नकाशा. तो घरूनच उतरवून न्यायचा. ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप हलकं आणि फुकट. ओएसएमअँडमध्ये समोच्च रेषाही दिसतात. रेषा दाटल्या की चढ उभा. दोन्हींच्या मुळाशी ओपनस्ट्रीटमॅप, २००४ पासून हौशी लोकांनी भरत आणलेला नकाशा. कुणी न भरलेली वाट अ‍ॅपच्या लेखी नसतेच.

आणि भरलेली वाट आज चालू आहे कशावरून? जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुणेकरांची गाडी अकोले तालुक्यात रात्री नकाशाच्या भरवशावर एका पुलाकडे वळली. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. चालकाचा जीव गेला. ऑफलाइन नकाशा तर उतरवला त्या दिवशीच थांबतो.

मुक्कामाचा प्रश्न त्याहून अवघड. आयओव्हरलँडर अ‍ॅपवर जगभरचे प्रवासी तंबूच्या जागा नोंदवतात, पण राखीव जंगलात परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. त्यापेक्षा महाल किंवा किलाद इथले वनखात्याचे कॅम्प बरे. नदीकाठची सपाट जागा स्क्रीनवर छान दिसते. पण पावसाळ्यात पूर्णा आणि अंबिका नद्या बघता बघता चढतात. परदेशी व्हिडिओ पाहून सॅटेलाइट कम्युनिकेटरही मागवू नका, दूरसंचार खात्याच्या परवानगीविना तो बाळगणं बेकायदा आहे.

सुरतेच्या खानदेशी माणसाकडे मात्र एक साधन आहे, जे कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही: त्याची अहिराणी. डांगी बोली अहिराणीच्या जवळची. डांग महाराष्ट्राचा की गुजरातचा, हा वादही बोलीवरूनच रंगला होता. ‘भाऊ, आठून गाडी जाई का?’ एवढं विचारलं तरी पुढचा फरशी पूल शाबूत आहे की वाहून गेला, ते कळतं.

कळलेलं परतल्यावर नकाशात भरा. दुसऱ्यांनी भरलेल्या वाटेवरून गड गाठायचा आणि स्वतः मात्र एक रेघही ओढायची नाही, ही फुकटेगिरी गडप्रेमींना शोभत नाही.