मनमाडची परसबाग

मनमाड म्हटले की डोळ्यांसमोर रेल्वेचे जंक्शन येते. पण तेथील एखाद्या घराच्या परसात डोकावलात, तर झाडांचेही एक वेळापत्रक दिसेल.

इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्री चढताना ढग तेथेच बरेचसे रिते होतात. मनमाड पर्जन्यछायेत असल्याने त्याच्या वाट्याला ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस येतो. वागदर्डी धरण आटल्यामुळे नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न आल्याची वर्षे येथील लोक विसरलेले नाहीत. अशा गावात बाग जगते कशी?

मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. पानांवर, विशेषतः खालच्या बाजूस, असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. मुळांनी शोषलेले बहुतेक पाणी येथूनच वाफ होऊन जाते. पाणी कमी पडले की रंध्राभोवतीच्या दोन पेशी सैल पडतात व छिद्र मिटते. पाणी वाचते खरे, पण कार्बन डायऑक्साइड वायूची वाटही बंद होते. मग अन्न तयार होणार कसे? म्हणून टोमॅटोचे रोप जगते, पण वाढत नाही, फुलेही गळतात. मोगरा मात्र याच दिवसांत बहरतो!

झाडाशेजारी एक भाजलेले, झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे व वर झाकण ठेवावे. माती जसजशी कोरडी होते, तसतसे पाणी मडक्यातून झिरपते. बादलीभर पाणी वरून ओतण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

पावसाळ्यात काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी साचते. मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात. टंचाईच्या गावात झाड जास्त पाण्याने मरावे, हे नवलच!

हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते. जवळच्या निफाडला तर पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. कढीपत्त्याला नवी पालवी येत नाही. शेवंती मात्र फुलते. ती मुख्यतः थंडी पाहत नाही, रात्र मोजते! मनमाडला जूनमध्ये रात्र ११ तासांहून लहान, तर डिसेंबरात सुमारे १३ तासांची असते. रात्र पुरेशी लांबली की शेवंती कळ्या धरते.

खात्री करायची आहे? ऑगस्टपासून शेवंतीची एक कुंडी अंधाऱ्या परसात आणि दुसरी मध्यरात्रीपर्यंत जळणाऱ्या दिव्याखाली ठेवा. कळ्या कोणत्या कुंडीत आधी दिसतात, ते तारीखवार टिपून ठेवा.